कोबाल्ट, लिनॅक की प्रोटॉन? तोंडाच्या कॅन्सरला 'लाईट' घ्यायची तर मशीनच्या नावावर जमीन विकायची गरज आहे का?

जिल्हा रुग्णालयात कॅन्सरची सोय होणार, या बातम्या गेल्या काही काळापासून आपण सगळेच वाचतोय. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढच्या तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर काढायचं जाहीर झालं, त्यातली २०० त्याच वर्षात. मग सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कॅन्सर उपचाराचं त्रिस्तरीय धोरण मंजूर केलं. लगेच व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं, की आता बार्शी-मुंबईला जायची गरज उरली नाही.

घोळ इथंच आहे. डे-केअर म्हणजे सकाळी जायचं, केमोची सलाईन लावून घ्यायची आणि संध्याकाळी घरी यायचं. ही सोय झाली तर चांगलंच आहे, केमोसाठी होणाऱ्या फेऱ्या वाचतील. पण आपल्या भागात जो कॅन्सर जास्त दिसतो, म्हणजे गालाचा, जिभेचा, हिरडीचा, घशाचा, त्यात नुसत्या केमोनं भागत नाही. आधी ऑपरेशन आणि नंतर रेडिएशन, नाहीतर थेट रेडिएशन आणि सोबत केमो, हा त्याचा रस्ता. रेडिएशनला, म्हणजे आपण ज्याला 'लाईट देणं' म्हणतो त्याला, जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, खास डॉक्टर आणि किरणांचा हिशोब करणारा भौतिकतज्ज्ञ लागतो. डे-केअरची पाटी लागली म्हणून हे सगळं येत नाही. लाईटसाठी आपल्या माणसाला सहा-सात आठवडे बाहेरगावीच राहावं लागणार आहे, हे धरून चाला.

आणि ही माणसं थोडी नाहीत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला १ लाख ४० हजारांवर नवे रुग्ण आहेत. पुरुषांत तर हाच कॅन्सर पहिल्या नंबरावर. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठं मिळते ते मी सांगायची गरज नाही, शाळेच्या पोरालाही माहीत आहे.

आता मूळ विषय. निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो तो पैशाचा आणि दुसरा मशीनचा. पाव्हणे-रावळे येतात आणि एकेक जण सांगतो, "सरकारी दवाखान्यात कोबाल्टचं जुनं मशीन आहे, तिथं जाळून टाकतात." दुसरा सांगतो, "पुण्यात नवीन मशीन आलंय, चार-पाच लाख लागतील, पण माणूस वाचेल." आमच्या भागात एका घरानं याच बोलण्यावर दीड एकर रान विकलं. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही, की या पेशंटला त्या महागड्या तंत्राचा नेमका काय फायदा होणार आहे. म्हणून हा लेख.

मशीन करतं तरी काय

सगळ्या मशीनमधून शेवटी जोरदार किरणच बाहेर पडतात. ते गाठीच्या पेशी मारतात आणि वाटेत आलेल्या चांगल्या पेशींनाही भाजतात. चांगल्या पेशी रात्रीतून बऱ्यापैकी सावरतात, कॅन्सरच्या तितक्या सावरत नाहीत. म्हणून डोस एकदम न देता रोज थोडा थोडा देतात. डोस 'ग्रे' या मापात मोजतात. ऑपरेशननंतर साधारण ६० ते ६६ ग्रे, म्हणजे ३० ते ३३ बैठका. ऑपरेशन न करता फक्त लाईटवर बरं करायचं असेल तर ६६ ते ७० ग्रे, म्हणजे ३३ ते ३५ बैठका. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं असतं आणि त्या वेळी काही दुखत नाही. त्रास सुरू होतो दोन-तीन आठवड्यांनी.

फरक आहे तो किरण कुठं पडतात आणि कुठं पडत नाहीत यात. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. उभ्या पिकात तणनाशक मारायचं असेल तर आपण नोझलला हुड लावतो. औषध तेच आणि पंपही तोच, पण हुड नसेल तर तणासोबत पीकही जळतं. लाईटच्या तंत्रांमधला फरक बराचसा या हुडाचा आहे.

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूनं सरळ चौकोनी झोत सोडायचा. एक्स-रे बघून खुणा करायच्या. यात कानाखालच्या दोन्ही मोठ्या लाळग्रंथी झोतात सापडतात आणि लाळ जवळजवळ बंद होते. पुढची पद्धत थ्रीडी. त्यात आधी सीटी स्कॅन काढतात आणि गाठीचा आकार बघून झोताला आकार देतात. तिसरी आयएमआरटी. यात झोताचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येकाचा जोर कमी-जास्त करतात, त्यामुळं गाठीला पूर्ण डोस जातो आणि शेजारच्या लाळग्रंथीला कमी. मशीन गोल फिरता फिरता हेच काम करतं तेव्हा त्याला व्हीमॅट किंवा रॅपिड आर्क म्हणतात. रोज मशीनवरच फोटो काढून जागा तपासून मग लाईट दिली तर ते आयजीआरटी. नावं चार झाली तरी कूळ एकच. दवाखान्याच्या जाहिरातीत प्रत्येक नाव म्हणजे नवा चमत्कार असल्यासारखं लिहितात, ते सोडून द्या.

कोबाल्टबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला पाहिजे, कारण त्याची बदनामी फार झाली आहे. कोबाल्ट मशीनच्या डोक्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू ठेवलेला असतो. त्याचा जोर आपोआप कमी होत जातो, महिन्याला साधारण एक टक्का. सव्वापाच वर्षांत तो निम्म्यावर येतो. याचा अर्थ जुन्या मशीनमध्ये डोस कमी मिळतो असा नाही. हिशोब करून वेळ वाढवतात. आधी दोन मिनिटं लागत होती तिथं चार मिनिटं लागतील, पण मापाचा डोस पूर्ण जातो. भाभा अणुसंशोधन केंद्रानं तर 'भाभाट्रॉन' नावाचं देशी कोबाल्ट मशीन बनवलं आहे. कोबाल्टची खरी अडचण अशी, की त्याच्या झोताची कडा लिनॅकइतकी धारदार नसते आणि आयएमआरटीसारखं बारीक काम बहुतेक कोबाल्ट मशीनवर होत नाही. लिनॅक विजेवर चालतं. धातूचा साठा त्यात नसतो, कडा स्वच्छ येते, थ्रीडी आणि आयएमआरटी दोन्ही होतात. पण त्याला अखंड वीज, थंडावा आणि इंजिनियर लागतो. बिघडलं की चार-चार दिवस बंद.

फरक किती, तो आकड्यात बघू

इंग्लंडमध्ये घशाच्या कॅन्सरच्या ९४ रुग्णांवर एक अभ्यास झाला. पार्सपोर्ट त्याचं नाव, २०११ मध्ये छापून आला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला साधी पद्धत आणि दुसऱ्याला आयएमआरटी. वर्षभरानंतर साध्या पद्धतीत १०० पैकी ७४ जणांचं तोंड त्रासदायक कोरडं पडलेलं होतं, आयएमआरटीत ३८ जणांचं. फरक मोठाच आहे. पण किती जण जगले आणि किती जणांची गाठ उलटली, यात दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक सापडला नाही.

आपल्याकडे टाटा मेमोरियलनंही ६० रुग्णांवर थ्रीडी आणि आयएमआरटीची तुलना केली, २०१२ मध्ये ती छापली. उपचाराच्या काळात लाळग्रंथीचा बऱ्यापैकी त्रास थ्रीडीत १०० पैकी ८९ जणांना झाला, आयएमआरटीत ५९ जणांना. गाठ आटोक्यात येणं आणि जगणं, यात इथंही फरक नाही.

यातून काय घ्यायचं? महाग तंत्रानं 'माणूस वाचेल' हे जे पाव्हणे सांगतात, त्याला या अभ्यासांत आधार नाही. गाठीला डोस दोन्हीकडं सारखाच जातो. आयएमआरटीत जे मिळतं ते लाळेचं सुख.

पण ते सुख लहान समजू नका. लाळ नसली की भाकरी गिळत नाही. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो. रात्री चार-पाच वेळा जीभ टाळूला चिकटून जाग येते. तिखट-मीठ लागत नाही आणि दात भराभर किडतात. ज्याला पुढं वीस वर्षं जगायचं आहे, त्या चाळिशीतल्या माणसाला याची किंमत फार. म्हणून योजनेत आयएमआरटी मिळत असेल तर ती घ्यावीच. फक्त ती मिळत नाही म्हणून उपचार दोन महिने अडवून धरायचा, किंवा कर्ज काढून लेकरांचं शिक्षण थांबवायचं, हे मला पटत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी सांगत नाही. वरचे अभ्यास मुख्यतः घशाच्या बाजूच्या कॅन्सरचे आहेत, तिथं मानेच्या दोन्ही बाजूंना लाईट लागते. आपल्याकडे पुडी ठेवायची सवय एका गालात, म्हणून गाठही बऱ्याचदा एकाच गालात. गाठ मधल्या रेषेपासून लांब असेल तर अनेकदा त्याच बाजूला लाईट देऊन भागतं. मग दुसऱ्या बाजूची लाळग्रंथी साध्या थ्रीडीतही वाचते आणि महागड्या तंत्राचा फायदा त्या मानानं कमी उरतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न मशीनचा ठेवू नका. विचारा, "डॉक्टर, आमच्या पेशंटला एकाच बाजूला लाईट लागणार की दोन्ही?" दोन्ही म्हणाले तर दुसरा प्रश्न, "लाळग्रंथी वाचवता येईल का, आणि त्यासाठी आयएमआरटी योजनेत बसेल का?" चांगला डॉक्टर याचं उत्तर आनंदानं देतो.

उलट बाजूही आहे. नाकाच्या मागच्या भागाचा कॅन्सर किंवा डोळ्याजवळच्या पोकळीतला कॅन्सर असेल, तर शेजारी मेंदू आणि डोळ्याची नस असते. तिथं आयएमआरटीच पाहिजे. थोडं लांब जावं लागलं तरी जायला हवं. ओठाच्या किंवा जिभेच्या अगदी लहान गाठीला काही ठिकाणी सुया घालून आतूनच किरण देतात, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. ती करणारा हात मात्र सरावाचा लागतो.

प्रोटॉनचं काय? चेन्नईत खासगी दवाखान्यात २०१९ पासून ते आहे आणि आपल्या राज्यात टाटाच्या खारघर केंद्रात २०२३ पासून रुग्णांवर उपचार सुरू झाले. प्रोटॉनचा झोत ठरल्या खोलीवर जाऊन थांबतो, पलीकडं जात नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. लहान लेकरांचे काही कॅन्सर, मेंदूच्या तळाच्या गाठी, यांना तो खरा उपयोगाचा. अमेरिकेत घशाच्या कॅन्सरवर आयएमआरटीशी तुलना झाली, तिचे निकाल २०२४ मध्ये मांडले गेले. गाठ आटोक्यात ठेवण्यात प्रोटॉन कमी पडलं नाही आणि पोटात नळी घालायची वेळ कमी जणांवर आली. पण ते रुग्ण आपल्या गालाच्या कॅन्सरवाले नव्हते. खासगीत प्रोटॉनला कित्येक लाख लागतात. त्यासाठी कुणी जमीन विकायला सांगत असेल तर आधी टाटामध्ये दुसरं मत घ्या.

मशीनपेक्षा मोठा प्रश्न खाड्याचा

लाईट सुरू झाली की मध्ये खाडा पडता कामा नये. का? उपचार सुरू असताना उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त जोरानं वाढायला लागतात. अर्धवट उपटलेलं हराळीचं रान चार दिवस सोडून बघा, तसं. डॉक्टरांचा सर्वसाधारण हिशोब असा, की उपचार एक दिवस लांबला की गाठ कायमची आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्यानं कमी होते. दिवाळीला आठ दिवस गावाकडं आलात, तर आठ टक्के घालवून आलात.

आपल्याकडे खाडे कशापायी पडतात? पोळा, लग्नसराई, सोयाबीनची काढणी, ऊसतोडीची उचल घेतलेली, मुकादमाचा फोन. तोंड आलं, गिळवत नाही, म्हणून "थोडं बरं वाटू द्या, मग जाऊ". आणि कधी कधी मशीनच बंद. मशीन बंद पडलं तर गप बसू नका. राहिलेली बैठक शनिवारी किंवा एका दिवसात सहा तासांचं अंतर ठेवून दोनदा देऊन भरून काढता येते का, हे विचारा. तसं करतात. ऑपरेशननंतरही तेच. लाईट सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला पाहिजे. टाके सुकले, माणूस चालायला लागला, की "आता बरा झाला" म्हणून घरची माणसं तीन-तीन महिने थांबतात. मग गाठ मानेत उलटते आणि दोष लाईटला देतात.

खाड्याच्या उलट गोष्टीचा फायदाही मोजला गेला आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा भागांतल्या नऊ केंद्रांत ९०० वर रुग्णांवर अभ्यास केला, २०१० मध्ये तो आला. डोस तोच, बैठका तितक्याच, फक्त एका गटाला आठवड्यात पाच दिवस आणि दुसऱ्याला सहा दिवस. पाच वर्षांनी गाठ आटोक्यात असलेले पहिल्या गटात १०० पैकी ३०, दुसऱ्यात ४२. तोंड सोलण्याचा त्रास सहा दिवसवाल्यांना जास्त झाला, हे खरं. हे रुग्ण केमोशिवाय नुसत्या लाईटवरचे होते, त्यामुळं सगळ्यांना जसंच्या तसं लागू होत नाही. तरी विचार करा. जमीन विकून घेतलेल्या तंत्रात जगण्याचा फरक सापडत नाही. इथं नवीन मशीन नाही, काही नाही, नुसतं शनिवारी काम केलं तर शंभरात बारा जणांचा फरक. सरकारी केंद्रांत शनिवारी मशीन चालवायला माणसं का भरत नाहीत, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

याच संस्थेच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निकाल २०२३ मध्ये मांडला गेला. ३३ ऐवजी २० बैठकांत, रोजचा डोस थोडा वाढवून, चार आठवड्यांत उपचार संपवला तरी निकाल कमी पडला नाही. आपल्यासारख्या लांबच्या माणसाला याचा अर्थ दीड आठवडा कमी भाडं, कमी बुडालेली मजुरी. सगळीकडं लगेच सुरू होणार नाही, आणि प्रत्येक रुग्णाला चालेल असंही नाही. पण विचारायला काय हरकत आहे?

पैसा आणि राहणं

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेडिएशनची पॅकेजेस तंत्रानुसार वेगळी असतात आणि उपचार सुरू व्हायच्या आधी मंजुरी घ्यावी लागते. "योजनेत हे बसत नाही" असं तोंडी सांगितलं तर आरोग्यमित्राकडं जा आणि कुठल्या तंत्रासाठी मंजुरी मागितली, ती नाकारली का, हे कागदावर दाखवायला सांगा. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्या, या एका कारणानं पंधरा-पंधरा दिवस जातात. एसटी आणि रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला भाड्यात सवलत आहे, दवाखान्याचा दाखला लागतो.

खरा खर्च सहा आठवडे राहण्या-खाण्याचा आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडण्याचा. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं कित्येक पिढ्यांतल्या रुग्णांना आसरा दिला. पण गर्दी एवढी, की सगळ्यांना जागा मिळत नाही. म्हणून जवळचं केंद्र चांगलं असेल तर तेच बरं, असं माझं मत आहे. आपल्या बाजूला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. बार्शीत १९८७ पासून खेड्यातल्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते. आपल्या लोकांचा कॅन्सर त्यांना नवा नाही.

लाईट सुरू व्हायच्या आधी आणि नंतर

आधी दाताच्या डॉक्टरला तोंड दाखवायचं. किडलेले, हलणारे दात लाईटच्या आधी काढायचे आणि जखम भरायला दहा-पंधरा दिवस द्यायचे. लाईटनंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दोन वर्षांनी गावातल्या दातवाल्याकडं बसून दात उपटला, तर ती जखम भरत नाही आणि हाड कुजायला लागतं. म्हणून पुढं आयुष्यभर दात काढायचा झाला तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं.

तोंडावर जाळीचा प्लास्टिकचा मुखवटा बसवतात, तो घाबरवायला नाही. डोकं रोज त्याच जागी राहावं म्हणून तो असतो. जेवण तुटून वजन उतरलं की मुखवटा ढिला होतो, डोकं हलतं आणि किरण चुकीच्या जागी पडतात. आयएमआरटीत तर हे जास्त धोक्याचं, कारण तिथं कडा अगदी जवळ आखलेल्या असतात. मुखवटा ढिला वाटला तर लाजू नका, टेबलावरच सांगा. वजन टिकवायला डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणाले तर नाही म्हणू नका. नळी म्हणजे शेवट आला असं आपल्याकडे समजतात. तसं नाही, लाईट संपून गिळायला यायला लागलं की ती बहुतेकांची निघते. दूध, अंडी, पातळ वरण, शेंगदाण्याचं कूट घालून केलेली पेज, जे जाईल ते दर दोन तासांनी द्यायचं. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं दिवसातून सात-आठ वेळा चूळ भरायची. गळ्याला बाम, हळद, तेल काही लावायचं नाही. उपचार चालू असताना तंबाखू चालूच ठेवली तर लाईटचा गुण कमी येतो.

तोंड उघडायचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करायचा. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून त्या दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. नाहीतर जबडा आखडतो आणि पुढं चमचाही आत जात नाही. मानेला लाईट घेतलेल्या माणसाला काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थकवा, सूज, थंडी वाजणं सुरू झालं तर त्याला म्हातारपण समजू नका. थायरॉईड मंदावलेला असू शकतो. दर सहा महिने ते वर्षानं टीएसएचची रक्त तपासणी करायची, आणि थायरॉईड मंदावलेला निघाला तर रोजची एक गोळी असते.